वाचन-शिक्षणात संशोधन करायचंय? खर्चाची जुळवणी अशी करा

मुलं वाचायला कशी शिकतात, काही मुलं चौथीत जाऊनही का अडखळतात, पन्नाशीतली बाई पहिल्यांदा पाटी हातात घेते तेव्हा तिला काय सोपं जातं आणि काय जड, अशा प्रश्नांवर अभ्यास करण्याची इच्छा असलेले विद्यार्थी अमरावती-अकोल्यात आहेत. कुणी एम.एड. करतंय, कुणी शिक्षणशास्त्रात किंवा मराठीत एम.ए. झालंय. यातले बहुतेक जण एकाच प्रश्नापाशी अडतात: पीएच.डी.ची चार-पाच वर्षं खायचं काय?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत याची सोय ग्रॅज्युएट असिस्टंटशिप या नावाने असते. आठवड्याला ठरावीक तास विभागाचं काम करायचं. त्याबदल्यात फी माफ होते आणि महिन्याला खर्चापुरते पैसे मिळतात. आपल्याकडे या नावाची जागा निघत नाही. ‘देशोन्नती’त नाहीतर ‘हिंदुस्थान’मध्ये तशी जाहिरात येईल म्हणून वाट पाहत बसाल तर फेलोशिपची वयोमर्यादा निघून जाईल. पण असिस्टंटशिपमध्ये मिळतात त्या गोष्टी, म्हणजे पैसे, शिकवण्याचे तास आणि जाणत्या माणसाच्या हाताखालचं काम, इथेही आहेत. त्या एका ठिकाणी मिळत नाहीत, एवढंच. पैसे दिल्ली-पुणे-नागपूरहून येतात, तास विभागातून मिळतात आणि खरं काम शाळांत, अंगणवाड्यांत, साक्षरता वर्गांत असतं. ही जुळवणी तुम्हालाच करावी लागते.

काही जण विचारतील, वऱ्हाडात या विषयाला वाव तरी किती? २०११च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याची साक्षरता ८८.०५ टक्के निघाली, अमरावतीची ८७.३८ टक्के, राज्याची होती ८२.३४. हे आकडे घेऊन धारणी-चिखलदऱ्याच्या एखाद्या शाळेत जाऊन बसा. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाच्या समोर पहिल्या दिवशी मराठीचं पुस्तक येतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. म्हणजे त्या मुलाला लिपी आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकावी लागते, आणि वर्गात मोजमाप मात्र फक्त लिपीचं होतं. संशोधनाला जागा आहे ती इथे.

आधी पैशाचं

सगळ्यात भरवशाची सोय म्हणजे यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप, अर्थात जेआरएफ. १ जानेवारी २०२३पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे वरिष्ठ फेलो झाल्यावर ४२,००० रुपये आहे. शिवाय घरभाडं आणि वर्षाचा आकस्मिक खर्च वेगळा. त्यासाठी नेट परीक्षा द्यावी लागते. शिक्षणशास्त्राचा पेपर सगळ्यांना माहीत असतो. प्रौढ शिक्षण, निरंतर शिक्षण, अनौपचारिक शिक्षण यांचा मिळून नेटमध्ये स्वतंत्र विषय आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. तुमचा कल मोठ्यांच्या साक्षरतेकडे असेल आणि तुमची पदव्युत्तर पदवी त्याला चालत असेल, तर तो अभ्यासक्रम एकदा उघडून बघाच.

जेआरएफसाठी वयाची अट तीस वर्षांची. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग, तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सूट आहे. जून २०२४पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटात जेआरएफ मिळते. दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, तिसऱ्यात नुसता पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, म्हणून निकाल हातात आला की विद्यापीठांच्या प्रवेशाच्या तारखा लगेच पाहायच्या. आणि सेटविषयीचा एक जुना गैरसमज: राज्याची सेट परीक्षा प्राध्यापकपदाची पात्रता देते, फेलोशिप देत नाही. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर सेट झाल्यावर पहिल्या तारखेला पगार कुठे आहे म्हणून विचारणा होते.

जेआरएफचे पैसे कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट तुमच्या खात्यात येतात. मात्र त्यासाठी दर महिन्याला तुमच्या संस्थेने ‘हा विद्यार्थी काम करतोय’ अशी नोंद तिथे करावी लागते. ही नोंद राहिली की पैसे अडकतात. पोर्टलवर ही नोंद करणारे कर्मचारी कोण, ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा आणि त्यांच्याशी बोलणं ठेवा. मार्गदर्शकाइतकंच महत्त्व त्या टेबलाला आहे. घरभाड्याची एक गंमतही सांगतो. भत्त्याच्या हिशेबात अमरावती शहर ‘वाय’ वर्गात मोडतं, अकोला ‘झेड’ वर्गात. त्यामुळे तीच फेलोशिप असलेल्या दोघांपैकी अमरावतीत नोंद असलेल्याला भाडं जास्त मिळतं. वसतिगृहात राहिलात तर हा भत्ता बंद.

जेआरएफ हुकली तर राज्याच्या संस्थांकडे वळा. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी पुण्याची सारथी, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पुण्याचीच टीआरटीआय. वऱ्हाडात कुणबी आणि ओबीसी यांची कागदपत्रं काही घरांत गुंतागुंतीची असतात. कुठल्या दाखल्यावर कुठे अर्ज चालतो हे आधी ठरवा आणि जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास ही कागदं एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच काढून ठेवा. या संस्थांच्या जाहिराती ठरल्या वेळी निघतीलच असं नाही, आणि हप्ते थकल्याबद्दल विद्यार्थ्यांनी आंदोलनं केलेली आहेत. म्हणून सल्ला रोखठोक आहे: पहिल्या सहा-आठ महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय फक्त राज्याच्या फेलोशिपच्या भरवशावर नोकरी सोडू नका.

यापैकी कुठेच बसत नसाल तर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, पूर्णवेळ पीएच.डी. फेलोशिप देते. रक्कम जेआरएफपेक्षा बरीच कमी आहे, पण वयाची अट सैल आहे आणि शिक्षण हा तिचा मान्य विषय आहे.

एक पथ्य सगळ्या फेलोशिपना सारखंच लागू. ती घेताना दुसरं उत्पन्न घेणार नाही असं लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणं, म्हणजे सीएचबी, इतकं अंगवळणी पडलंय की काही जण दोन्ही चालू ठेवतात. पुढे वसुलीची नोटीस येते तेव्हा कॉलेज हात वर करतं. दोन्हींपैकी एकच निवडा. पीएच.डी. करायची असेल तर फेलोशिप निवडा. सीएचबीचे तास परीक्षा, सुट्ट्या आणि बिलांच्या फेऱ्यांत विरघळून जातात.

चार ते सहा तासांचा नियम

आता असिस्टंटशिपचा खरा गाभा. ७ नोव्हेंबर २०२२ला यूजीसीने पीएच.डी.चे नवे नियम अधिसूचित केले. त्यांत एक वाक्य आहे ज्याकडे विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघंही फारसं पाहत नाहीत. कुठल्याही विषयातल्या संशोधकाने आपल्या विषयाचं अध्यापन आणि लेखन यांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, आणि त्याला आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याच्या वा संशोधनाच्या साहाय्याचं काम देता येतं: ट्युटोरियल घेणं, प्रयोगशाळेतलं काम, मूल्यमापन. अमेरिकेतल्या असिस्टंटशिपचे वीस तास कुठे आणि हे चार-सहा कुठे, पण नियम आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे.

या नियमाचा वापर नीट झाला नाही तर तो तुमच्यावर उलटतो. कॉलेजांमध्ये संशोधक विद्यार्थी म्हणजे फुकटचा कारकून ही समजूत जुनीच आहे. नॅकच्या फायली लावायच्या, सेमिनारची प्रमाणपत्रं छापून आणायची, प्रवेशाच्या काळात काउंटरवर बसायचं. एखाद्या वेळी मदत म्हणून ठीक. घरचं कार्य असल्यासारखं सगळेच राबतात तेव्हा आपणही राबावं. पण आठवड्यामागून आठवडा तेच होत असेल तर तुमचे तास कुणाच्या तरी पदोन्नतीच्या फायलीत जात आहेत. म्हणून सुरुवातीलाच मार्गदर्शकांशी बोलून सत्राचं काम कागदावर आणा. ‘सर, आठवड्याला सहा तास विभागाला देईन, त्यातले चार बी.एड.च्या मुलांच्या भाषा अध्यापनाच्या ट्युटोरियलला आणि दोन त्यांच्या पाठ टाचणांच्या तपासणीला द्यावेत ही विनंती.’ असा साधा अर्ज, तारीख आणि विभागप्रमुखांची सही. भांडण होत नाही. उलट बहुतेक प्राध्यापकांना बरं वाटतं, कारण तासांचा हिशेब त्यांनाही नंतर दाखवावा लागतो. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला अहवाल द्यावा लागतो, त्याला हा कागद जोडता येतो.

वाचन-शिक्षणात काम करणाऱ्याने कुठले तास मागावेत, यावर माझं मत ठाम आहे: बी.एड.च्या आंतरवासितेचे. भावी शिक्षक वीस आठवडे शाळांत असतात. त्यांच्याबरोबर शाळेत जाऊन, ते वाचनाचा पाठ घेत असताना मागच्या बाकावर बसून जे दिसतं ते ग्रंथालयात सापडत नाही. शिक्षक फळ्यावर बाराखडी म्हणवून घेतोय आणि मागच्या दोन रांगा ओठ हलवताहेत, आवाज नाही. हे टिपून ठेवणं म्हणजेच तुमची संशोधनाची सामग्री.

हाताखालचं काम कुठे मिळेल

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३मध्ये सुरू झालं. अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा आणि यवतमाळ हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. २००५मध्ये त्याला ज्यांचं नाव मिळालं ते गाडगे बाबा शेंडगावचे. स्वतः निरक्षर राहून त्यांनी कीर्तनातून लोकांना पोरं शाळेत घालायला लावली. विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार हा विभाग आहे. असे विभाग देशभर निघाले ते १९७८च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाच्या आणि पुढे १९८८च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या लाटेत. लाट ओसरली, विभाग राहिले. तिथे जाऊन जुने अहवाल, गावांच्या याद्या, प्रशिक्षणाचं साहित्य मागून पाहा. या पिवळ्या पडलेल्या कागदांवर एखादा प्रबंध सहज उभा राहील.

मार्गदर्शक शोधताना लक्षात ठेवा की २०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार शिक्षणशास्त्र आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत येतं; मानव्यविद्येच्या यादीत शोधत बसू नका. यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. म्हणून पहिला प्रश्न ‘सर, तुमचा विषय कोणता’ हा नसून ‘जागा आहे का’ हा असावा.

केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा चालू आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी तो आहे, शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नाही. परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी पन्नास. पैसे नाहीत म्हणून नाक मुरडू नका. तुमच्या वस्तीतल्या पाच-सहा बायांना वर्षभर शिकवलंत, प्रत्येकीची वही आणि दर महिन्याचं वाचन नोंदवलंत, तर पीएच.डी.च्या मुलाखतीत बोलायला पुस्तकातलं काही लागणार नाही. परीक्षेच्या गुणांपलीकडे एक गोष्ट नोंदवा: परीक्षा संपल्यावर सहा महिन्यांनी त्या काय वाचतात. बसची पाटी, रेशनचा मेसेज, बचत गटाचं रजिस्टर, की काहीच नाही? साक्षरतेच्या कार्यक्रमांचं खरं मोजमाप तिथे लागतं, आणि ते फार कमी जण करतात.

लहान मुलांच्या बाजूने काम करायचं असेल तर दोन्ही जिल्ह्यांतल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, आणि २०२१मध्ये सुरू झालेलं निपुण अभियान ही दारं आहेत. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत जिल्ह्यातल्या तीस गावांत प्रत्येकी वीस घरं केली जातात, आणि पाहणी करणारे बरेचदा स्थानिक महाविद्यालयांचे विद्यार्थी असतात. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चार पायऱ्यांची ती साधी चाचणी आहे. ती घेताना मूल वाचतं कसं, अडखळतं कुठे, हे कानाला कळायला लागतं. तेवढं प्रशिक्षण मिळत असेल तर दोन-तीन दिवसांची पायपीट सोसून घ्या.

वऱ्हाडी मुलांचं वाचन तपासताना मात्र कान थोडा वेगळा लावावा लागतो. पुस्तकात ‘मला’ लिहिलेलं असताना मूल ‘मले’ वाचतं, ‘डोळा’चं ‘डोया’ करतं. परीक्षक दोन्हींवर लाल रेघ ओढतो. खरं पाहिलं तर त्या मुलाने अक्षरं ओळखली, अर्थ लावला आणि आपल्या बोलीत उच्चारला. ही वाचनातली चूक नाही. उलट ‘कमळ’ला ‘कमल’ म्हणून पुढे जाणारं, आणि विचारलं तर ते काय असतं हे न सांगता येणारं मूल खरोखर अडलेलं असू शकतं. हे दोन प्रकार वेगळे नोंदवणारा तक्ता तुमच्या विभागात नसेल तर तुम्ही बनवा. असिस्टंट म्हणून तुमच्या हातून झालेलं ते सगळ्यात उपयोगी काम ठरेल.

महाराष्ट्रातलंच एक संशोधन यासाठी जरूर मिळवून वाचा. मराठी आणि कन्नड मुलांच्या सुरुवातीच्या वाचन-लेखनावर तीन वर्षांचा पाठपुरावा करणारा ‘लिरिल’ अभ्यास. मराठीचा भाग पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा, कन्नडचा यादगीरचा. त्याचा अहवाल २०१७मध्ये आला. लिपीच्या सरावाला मिळणारा वेळ आणि अर्थ, बोलणं, स्वतःचं लिहिणं यांना मिळणारा वेळ यांतली तफावत त्यात मांडली आहे. वाडा आदिवासीबहुल आहे, म्हणून मेळघाटसाठी तुलना सरळ करता येते. दुसरं नाव मॅक्सीन बर्नसन यांचं. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या मराठीवर पीएच.डी. केली, तिथे प्रगत शिक्षण संस्था काढली आणि भारताचं नागरिकत्व घेतलं. बोलीचा अभ्यास त्यांनी प्रबंधात केला आणि वाचनाशी तिची सांगड वर्गात घातली. आता अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथे कोरकू-मराठी वाचनावर कुणी बोललं पाहिजे. तुम्हीच का नाही?

अजून एम.ए.च्या पहिल्या वर्षात असाल तर दुसऱ्या सत्रातल्या ऑन जॉब ट्रेनिंगचे चार श्रेयांक वाया घालवू नका. एखाद्या कार्यालयात सही मारून हे तास भरणारे पुष्कळ आहेत. तेच तास जिल्हा परिषदेच्या एका शाळेत, एकाच इयत्तेच्या वाचनाला दिलेत तर पुढच्या संशोधन प्रकल्पाचा पाया तिथेच पडतो. महिन्याच्या चहा-प्रवासापुरते पैसे कमवा व शिका योजनेतून निघतात. काम शक्यतो ग्रंथालयातलं मागा.

परदेशी जायचंच असेल तर

अमेरिकेत वाचन-शिक्षणाचे कार्यक्रम शिक्षण महाविद्यालयांत असतात. असिस्टंटचं काम तिथे बहुधा वाचन-चिकित्सालयात अडखळणाऱ्या मुलांना शिकवणं, भावी शिक्षकांच्या वर्गात मदत, किंवा प्राध्यापकाच्या प्रकल्पातली ध्वनिमुद्रणं उतरवून काढणं असं असतं. अर्धवेळ असिस्टंटशिप म्हणजे आठवड्याला वीस तास, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना त्याहून जास्त काम करता येत नाही. पत्र हातात आलं की रकमेआधी चार गोष्टी पाहा: फी पूर्ण माफ की अर्धी, पैसे नऊ महिन्यांचे की बाराचे, आरोग्य विमा कोण भरणार, आणि दुसऱ्या वर्षाची हमी आहे की नाही. उन्हाळ्याचे तीन महिने पगार नसेल तर तिथलं भाडं अमरावतीहून पाठवावं लागतं. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी पीएच.डी.चे बरेचसे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात.

इथे पीएच.डी.ला नोंदणी असलेल्यांना फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप घेऊन सहा ते नऊ महिने तिथे काम करून परत येता येतं. प्रबंध वऱ्हाडातल्या शाळांवर असेल तर मला ही वाट असिस्टंटशिपपेक्षा सरस वाटते: सामग्री इथली, पद्धत तिथली, आणि पदवी आपल्या विद्यापीठाची.

तिथल्या प्राध्यापकांना ईमेल लिहिताना ‘माझी वाचन या विषयात रुची आहे’ असं लिहिणारे शेकडो असतात. तुम्ही लिहा की घरी कोरकू बोलणाऱ्या दुसरीच्या बारा मुलांचं मराठी वाचन मी एक वर्ष नोंदवलं आहे, आणि सोबत दोन पानांच्या नोंदी जोडा. शिफारसपत्र देणाऱ्यालाही त्याच नोंदी द्या. अनुभवाचं प्रमाणपत्र घेताना ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर सही घेऊन निघू नका. आठवड्याचे तास, सत्र, कुठला वर्ग, किती विद्यार्थी आणि नेमकं काय केलं, हे मजकुरात यायला हवं. मसुदा स्वतः तयार करून न्या आणि विभागाचा शिक्का सत्र संपण्याआधी घ्या, कारण सुट्टी लागली की विभागप्रमुख गावी जातात आणि शिक्का कपाटात असतो.